दोउरोवर आठ दिवस: पाच धरणं, पोर्ट वाइन आणि एक निवृत्त पाटबंधारेवाला

फुगवटा | मंगळवार, सकाळी ९:२०

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी मी आणि सौ. पोर्तुगालला जाऊन आलो. ऱ्हाईन आणि डॅन्यूबच्या बोटींवर इथे दोन-तीन धागे आहेत, दोउरो नदीवर एकही दिसला नाही, म्हणून हा खटाटोप. आधीच सांगून ठेवतो, मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. बाकीचे लोक द्राक्षमळ्यांचे फोटो काढत होते तेव्हा मी सांडवे बघत होतो. ज्यांना फक्त वाइनमध्ये रस आहे त्यांनी धरणाचे परिच्छेद गाळावेत. सौ.नेही प्रवासात तेच केलं.

नदी उगम पावते स्पेनमधल्या सोरियाच्या डोंगरात, तिथे तिचं नाव दुएरो. ८९७ किलोमीटर वाहून पोर्तोजवळ अटलांटिकला मिळते. बोटी चालतात त्या पोर्तुगालमधल्या शेवटच्या २१० किलोमीटरवर, पोर्तोपासून स्पेनच्या सीमेपर्यंत. आमची बोट ऐंशी मीटर लांब होती. ऱ्हाईनवर याहून बऱ्याच लांब बोटी असतात, पण इथली लॉकच (बोट धरणाच्या वर-खाली नेणारी पाण्याची बंद टाकी) एवढी, त्यामुळे बोटीचं माप लॉकने ठरवलेलं. रात्री बोट चालत नाही, संध्याकाळी कुठल्या तरी गावाच्या धक्क्याला लागते. म्हणजे इंजिनाच्या घरघरीत झोप येत नाही ही तक्रार इथे नाही. (माझ्या घोरण्याची तक्रार होती, ती वेगळी.)

आता लॉक. पोर्तोहून वर जाताना पाच धरणं लागतात: क्रेश्तुमा, कारापातेलो, रेग्वा, वालेरा आणि पोसिन्यो. सगळी १९७० ते १९८५ च्या दरम्यानची. कारापातेलोला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. आधी कर्मचाऱ्यांनी वरच्या डेकवरची छत्री-मांडव सगळं आडवं केलं आणि आम्हाला खाली बसायला सांगितलं. बोट धरणाच्या पायथ्याला एका अरुंद फटीत शिरायला लागली. लॉकची रुंदी बारा मीटरच्या किंचित वर, बोट साडेअकराच्या आत-बाहेर. दोन्ही बाजूंना दीड-दीड वीत जागा. कप्तान बाजूच्या छोट्या चाकावर उभा राहून भिंतीकडे बघत बोट आत घेत होता, एस.टी.चा ड्रायव्हर घाटात समोरच्या ट्रकला वाट देताना मान बाहेर काढून मागचं चाक बघतो ना, अगदी तसा. वरून उचलून धरलेल्या दरवाज्याखालून गेलो तेव्हा गार पाण्याचे चार थेंब टकलावर पडले. मागे दरवाजा खाली आला आणि एकदम विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं झालं. भिंती काळ्या, ओल्या, शेवाळलेल्या. हात लांब केला असता तर शेवाळ बोटाला लागलं असतं. वर आकाशाची एक पट्टी.

मग तळातून पाणी उसळायला लागलं. पंप नाही, काही नाही. वरच्या जलाशयाचा व्हॉल्व उघडायचा, पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि बोट उचलते. दोर बांधलेले तरंगते खुंटे भिंतीतल्या खाचेतून बोटीबरोबर वर सरकतात आणि सरकताना असे काही किंचाळतात की सौ.ने कान झाकले. मी घड्याळ लावलं होतं. सतरा मिनिटांत पस्तीस मीटर, म्हणजे अकरा-बारा मजले. माझ्या हिशेबाने एका बोटीसाठी पस्तीस हजार घनमीटरच्या वर पाणी खर्ची पडतं. शेवटी डोकं भिंतीच्या वर आलं, समोर निवांत जलाशय, आणि काठावर एक माणूस गळ टाकून बसलेला. त्याने आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की माहितीपत्रकात 'शांत, संथ दोउरो' असं लिहिलेलं असतं. ते शांतपण काँक्रीटचं आहे. आपण जिच्यावरून जातो ती नदी नाहीच, एकाखाली एक पाच फुगवटे आहेत. खालच्या धरणाचा फुगवटा वरच्या धरणाच्या पायाशी टेकतो. ज्या नदीने पोर्ट वाइन जगाला दिली ती वेगळीच होती. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी आणि खडक, पावसाळ्यात (त्यांचा हिवाळ्यात) लोंढा. त्या पाण्यातून वाइनची पिंपं खाली पोर्तोला न्यायला राबेलो नावाच्या सपाट तळाच्या होड्या होत्या. एक चौकोनी शीड आणि मागे होडीच्याच लांबीचं वल्हं, सुकाणू म्हणून. ते धरायला नावाडी उंच फळीवर उभा राहायचा, नाहीतर पिंपांच्या रचलेल्या ढिगापलीकडचं दिसायचं नाही. उलट्या प्रवासाला वारा नसेल तर काठावरून बैल होडी ओढत. १९६० च्या दशकात हे संपलं. आता पोर्तोसमोरच्या 'गाया' गावाच्या धक्क्यावर कंपन्यांची नावं लिहिलेल्या राबेलो फोटोपुरत्या उभ्या असतात, आणि २४ जूनला सेंट जॉनच्या सणाला त्यांची शर्यत होते.

वालेराला तर दरीच. तिथे पूर्वी असा धबधबा-खडक होता की होडी पलीकडे जातच नव्हती. १७८० ते १७९२ बारा वर्षं सुरुंग लावून तो फोडला. तरीही जागा वाईटच राहिली. १८६१ च्या मे महिन्यात जोसेफ जेम्स फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी तिथे बुडाला. या माणसाने अख्ख्या दोउरोचा नकाशा काढला होता, एकेक खडक त्याला ठाऊक. असं सांगतात की कमरेच्या पट्ट्यातल्या नाण्यांनी त्याला खाली नेलं, आणि त्याच होडीतल्या दोना आंतोनिया फेरैरा, त्या काळच्या दोउरोतल्या सगळ्यात मोठ्या बागायतदार बाई, घेरदार झग्यामुळे तरंगल्या. आम्ही तिथून गेलो तेव्हा लोक आइस्क्रीम खात होते. खडक कुठेतरी आमच्या पायाखाली, पाण्यात.

रेग्वाच्या पुढे खरं दोउरो. दोन्ही काठांच्या डोंगरांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला दगडी ताल. माती जवळपास नाहीच. शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड आहे, तो फोडायचा, त्याचा चुरा ही माती आणि निघालेल्या धोंड्यांची ताल. पिन्हाओजवळच्या एका मळ्यावर (तिकडे किंता म्हणतात) आम्हाला वाइन चाखायला नेलं होतं. मी मागे रेंगाळलो, कारण एक म्हातारे गृहस्थ ढासळलेली ताल बांधत होते. सिमेंट नाही, चुना नाही. एक दगड उचलला, फिरवला, ठेवला, पटला नाही, परत फिरवला, बाजूला टाकला. दहा मिनिटांनी तोच दगड वरच्या थरात असा बसला की जणू तिथूनच निघाला होता. मागच्या बाजूला बारीक चिपा भरत होते. आम्ही रिटेनिंग वॉल बांधताना पाणी निघून जायला वीप होल ठेवतो आणि कंत्राटदार ती हमखास बुजवतो. इथे सबंध भिंतच वीप होल आहे. मी खुणेने 'उत्तम' असं केलं. त्यांनी खुणेनेच पाठ दुखते असं सांगितलं.

त्याच संध्याकाळी लागार. हे ग्रॅनाइटचं चौकोनी टाकं, मांडीपर्यंत द्राक्षं भरलेली. मजूर आधी दोन तास खांद्याला खांदा लावून ओळीने तुडवतात, एक-दोन, एक-दोन, कवायतीसारखं. त्याला 'कोर्त' म्हणतात. मग 'लिबर्दाद' जाहीर होतं, अकॉर्डियन सुरू होतं आणि ज्याला हवं तसं नाचावं. पर्यटकांना अर्थात या दुसऱ्या भागात घेतात. सौ.ने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत हाफ पँट घातली आणि उतरली. रस कोमट लागतो आणि देठ तळव्याला टोचतात, असा अहवाल आहे. पाय तीन दिवस जांभळे होते.

रस अर्धा आंबला, म्हणजे निम्मी साखर अजून शिल्लक आहे, की त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात. यीस्ट मरतं, साखर राहते. म्हणून पोर्ट गोड आणि वीस टक्क्यांच्या आसपास कडक. जुनं माप: ४३५ लिटर रस, ११५ लिटर दारू, मिळून ५५० लिटरचं एक पिंप.

पाचव्या दिवशी स्पेनच्या सीमेवर उतरवून बसने सालामांकाला नेतात. गाव सुंदर, बस कंटाळवाणी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खर्च विमान आणि व्हिसा सोडून माणशी दोन लाखांच्या पुढे गेला. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.


वरणभात | मंगळवार, सकाळी १०:०५

भारी लिहिलंय काका. पहिला प्रश्न ओळखला असेलच. शाकाहारींचं काय?


फुगवटा | मंगळवार, सकाळी १०:४०

ओळखला होता. बोटीवर आधी कळवलं तर अडचण नाही, रोज एक शाकाहारी पदार्थ करतात. फक्त कल्पनाशक्ती मशरूमपाशी संपते. बाहेर सावध राहा. काल्दो व्हेर्दे नावाचं हिरव्या पानांचं सूप दिसायला निरागस असतं, पण वर सॉसेजची एक चकती हमखास टाकतात, ती 'नको' म्हणून आधीच सांगा. मक्याचा ब्रोआ नावाचा पाव मिळतो, तो दुसऱ्या दिवशी थोडा शिळा झाला की थेट भाकरीचा भाऊ. आम्ही त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या कॅनेडियन बाईंनी चव घेतली आणि उरलेली पुडी मागून नेली.


बाल्कांव | मंगळवार, दुपारी १२:३०

मडगावचा आहे, तीन वर्षं लिस्बनला काढली. उच्चार वाचून राहवलं नाही म्हणून: नदी 'दोरू'च्या जवळ, शेवटचा ओ ते गिळून उ करतात. आणि पिन्हाओ नव्हे हो, 'पिन्यांव'! शेवटच्या त्या अनुनासिकाचं मराठीत काय होतं ते तुम्ही रोज बोलता. त्यांचा 'पांव' तुमचा पाव झाला. 'लैलांव'चा लिलाव झाला. मग पिन्यांवच बरोबर.

आणि फुगवटाभाऊ, तुम्ही सहज 'पिंप' लिहून गेलात. तो शब्द त्यांचाच आहे! पीपा. तीच ती ५५० लिटरची पीपा, जिच्यात अजून दोउरोचं माप मोजतात. गोव्यात उतरली, घाट चढून तुमच्याकडे गेली आणि मोरीत पाण्याची होऊन बसली. चावी, साबण, पगार, घमेलं, फीत, तुरुंग, कोबी, सगळी त्याच गलबतातून आलेली मंडळी. रेग्वाला एका दुकानात म्हाताऱ्याला मी 'शावी', 'साबांव', 'गामेला' म्हणून दाखवलं आणि हे आमच्या मराठी शेजाऱ्यांचेही शब्द म्हटलं, तर त्याने फुकट एक ग्लास पाजला.

अवांतर: आमच्या गोव्यात दुकानात स्वस्तात मिळणारी 'पोर्ट वाइन' आणि गायातली टॉनी (पिंपात मुरलेली पोर्ट) यांचं नातं फक्त नावाचं. दिवाळीला पाहुण्यांसमोर ठेवताना हे लक्षात असू द्या.


शंकासुर | मंगळवार, दुपारी १:१५

म्हणजे दोन लाख घालून धरणाच्या पाण्यात फिरायचं आणि दारू प्यायची. गंगापूर धरणाच्या काठी जाऊन नाशिकची वाइन घेतली तर हेच दोन हजारात होतं. हलके घ्या.


फुगवटा | मंगळवार, दुपारी १:२५

गंगापूरला लॉक नाही. :)


पासधारक | मंगळवार, दुपारी ३:५०

शंकासुरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. बोट न घेताही दोउरो बघता येते, आम्ही बघितली. पोर्तोच्या सांव बेंतू किंवा कांपान्या स्टेशनवरून पोसिन्योची गाडी पकडायची. तिकीट बोटीवरच्या एका कॉफी-केकच्या आसपास. जाताना उजवीकडची खिडकी धरा. पहिला तासभर काही नाही, मग गाडी नदीकाठी उतरते आणि पुढे रूळ इतके पाण्यालगत की खिडकीतून फक्त नदी दिसते, काठ दिसत नाही. तुआ स्टेशनच्या पुढे पूल ओलांडून गाडी दुसऱ्या काठाला जाते, तेव्हा डावीकडे सरका. डोंगर चढून पलीकडे जायला रस्ता नाही, आणि त्या वरच्या पट्ट्यात बरीच ठिकाणं फक्त रेल्वे किंवा नदीनेच गाठायची.

पिन्हाओ (सॉरी, पिन्यांव) स्टेशनवर १९३७ सालच्या निळ्या-पांढऱ्या फरशांची २४ चित्रं आहेत: द्राक्षतोडणी, टोपल्या, बैल, राबेलो. काकांनी वर्णन केलेली जुनी, खळाळती नदी बघायची असेल तर ती त्या फरशांवर आहे. आम्ही तिथे उतरून तासाभराची छोटी राबेलो घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परत. १८८७ मध्ये ही रेल्वे स्पेनच्या सीमेपर्यंत पोचली होती, १९८८ मध्ये पोसिन्योच्या पुढची बंद केली. त्यामुळे तिथून पुढचा टप्पा मात्र बोटवाल्यांचाच.


फुगवटा | मंगळवार, दुपारी ४:१०

पासधारक, सगळं मान्य. आमच्या बोटीतूनही काठाने जाणारी पिवळी गाडी दिसायची आणि मला तिचाच हेवा वाटायचा. तब्येत ठणठणीत असेल आणि सामान उचलायची तयारी असेल तर रेल्वे आणि पिन्यांवला दोन रात्री, हे उत्तम. बोटीचा फायदा एकच, एकदा बॅग उघडली की आठ दिवसांनीच बंद करायची. सौ.च्या लेखी तो फार मोठा आहे.


द्राक्षवाला निफाड | मंगळवार, रात्री ९:३५

दिवसभर बागेत होतो, आता वाचलं. गोडी छाटणी चालू आहे, हात फाटलेत, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

साहेब, मला वाइनशी घेणं नाही, आमची खायची द्राक्षं, थॉमसन आणि सोनाका. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून चार गोष्टी विचारायच्या आहेत. तिथे वेल एकदाच छाटतात का? आमच्याकडे एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, वर्षाला दोन छाटण्या आणि माल एकदाच, कारण आमची वेल झोपतच नाही. दुसरं, पाणी देतात का? तिसरं, खुंट कुठला? आम्ही डॉगरिजवर कलम करतो, खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून. चौथं, भाव कोण ठरवतं? त्यांच्याकडेही व्यापारी पळून जातो का?


फुगवटा | बुधवार, सकाळी ८:३०

तुमचे प्रश्न बघून मी मळ्यावर वाइन चाखण्याऐवजी हे का नाही विचारलं असं वाटलं. जेवढं विचारलं होतं तेवढं सांगतो.

छाटणी एकदाच, हिवाळ्यात. तिकडे थंडी पडते, वेल पानं टाकून झोपते. उन्हाळा मात्र चाळिशी पार करतो. त्यांची म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

पाणी बहुतेक बागांना नाही. मुळं शिस्टच्या फटीतून खोल जातात आणि तिथली ओल ओढतात. म्हणूनच माल कमी. वेलीला किलो-दीड किलो निघाला तरी खूष. तुम्ही हसाल.

खुंटाची गोष्ट मोठी आहे. १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळांवरची कीड आली आणि डोंगरच्या डोंगर वाळले. उपाय शेवटी तोच, अमेरिकी जंगली वेलीच्या खुंटावर कलम. तुमचं डॉगरिजही मूळ टेक्सासकडचंच, म्हणजे खुंटाच्या बाजूने तुम्ही चुलतभाऊ निघालात. ज्या पायऱ्या तेव्हा सोडून दिल्या त्या अजून दिसतात. त्यांना 'मोर्तोरियो' म्हणतात. काहींवर ऑलिव्ह लावले, काहींवर नुसतं गवत-झुडूप. बोटीतून बघताना हिरव्या पट्ट्यांच्या मधेच करड्या पट्ट्या दिसतात त्या याच.

भावाचं ऐका. द्राक्षाच्या जमिनीचा प्रत्येक तुकडा A पासून F पर्यंत प्रतवारीत बसवलाय. उंची, उतार, ऊन कुठून येतं, दगड कसा, वेलीचं वय, सगळ्याला गुण. दरवर्षी सरकारी संस्था ठरवते की यंदा एकूण किती पिंपांची पोर्ट करायची, आणि प्रतवारीप्रमाणे प्रत्येकाला वाटा मिळतो. वाट्यातल्या द्राक्षाला चांगला भाव, उरलेल्याची साधी वाइन, आणि तिला फारच कमी. जगात पोर्ट पिणारे कमी होत चाललेत. २०२४ ला ९० हजार पिंपं ठरली होती, २०२५ ला ७५ हजार. म्हणजे पायऱ्या तेवढ्याच, ताल बांधायची मजुरी वाढलेली, आणि वाटा घटलेला. मार्गदर्शक मुलगी हे सांगताना घाईत पुढे सरकली. पर्यटकांना चाखायला आणलेलं असतं ना.


द्राक्षवाला निफाड | बुधवार, दुपारी २:००

किलो-दीड किलो! आमच्याकडे एवढ्यावर बँक दारात येते. पण वाटा-पद्धत वाचून विचारात पडलो. निदान आधी कळतं तरी. आम्हाला फेब्रुवारीत गाडी दारात उभी राहिल्यावर कळतं.

आणि साहेब, त्या म्हाताऱ्यांचा ताल बांधतानाचा फोटो असेल तर टाका. आमच्या वडिलांनी डोंगराकडच्या तुकड्याला अशीच घातली होती. आता तिथे जेसीबी लावला मी.


मनीप्लँट | बुधवार, दुपारी ४:४५

आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात. तिला नेलं तर झेपेल का? वाइन घेत नाही, तीर्थ म्हणूनसुद्धा नाही. मार्चमध्ये जावं म्हणतोय, स्वस्त पडतं.


फुगवटा | बुधवार, संध्याकाळी ६:१५

बोटीवर झेपेल. लिफ्ट आहे का हे आधी विचारून घ्या, सगळ्या बोटींना नसते. त्रास काठावर होतो. पोर्तो हे गाव उतारावर बांधलंय, आणि लामेगोच्या देवळाला ६८६ पायऱ्या आहेत, पण बस वरपर्यंत जाते, त्यामुळे वरून खाली बघितलं की काम झालं. मार्चबद्दल जरा थांबा. हिवाळ्याच्या पावसानंतर पूर असला तर नदी बोटींना बंद करतात, मग तुम्हाला बसमधून फिरवतात. धरणं असली तरी लोंढा आला की दरवाजे उघडावेच लागतात, ते सांगायला मी नको. मेपासून पुढे निर्धास्त. सप्टेंबरमध्ये तोडणी दिसते पण महाग पडतं. जुलै-ऑगस्टात आईंना नेऊ नका, भाजून निघाल.

आई घेत नसतील तर मळ्यावर ताज्या द्राक्षाचा रस मिळतो का विचारा, तोडणीच्या दिवसांत देतात. आणि डेकवर बसून संध्याकाळी भजी नाही मिळणार, एवढी मनाची तयारी करून ठेवा.


भीमाकाठची | बुधवार, रात्री १०:२०

फुगवटाकाका, तुमचं टोपणनाव वाचूनच धागा उघडला. माझं माहेर उजनीच्या फुगवट्यात गेलं. गाव उठलं तेव्हा आजी तरुण होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक होडीत बसून बघायला जातात, सेल्फी काढतात. आजी एकदाच गेली आणि नंतर नको म्हणाली. तिकडे त्या पाच धरणांखाली काय गेलं, कुणी सांगतं का बोटीवर?


फुगवटा | गुरुवार, सकाळी ७:०५

रात्री वाचलं, लगेच उत्तर दिलं नाही.

बोटीवर खडक आणि धबधब्यांबद्दल सांगतात, कारण ते ऐकायला रंजक. काठाची शेतं, पाणचक्क्या, मासे धरायच्या जागा यांच्याबद्दल मी मुद्दाम विचारलं तेव्हा 'हो, गेल्या' एवढंच उत्तर. माझ्या नोकरीत मीही कितीतरी वेळा असंच दोन शब्दांत उत्तर दिलंय.

पण एक गोष्ट तिथेच कळली, ती मी मूळ धाग्यात लिहिली नव्हती, का ते नक्की सांगता येत नाही. पोसिन्योच्या पुढे कोआ नावाची छोटी नदी दोउरोला मिळते. तिच्यावर सहावं धरण बांधायला घेतलं होतं, भिंतीचं काम चालू झालं होतं. दरीतल्या दगडांवर घोडे, रानबैल, रानबकऱ्या कोरलेल्या सापडल्या. वीस हजार वर्षांहून जुन्या. शाळेतली मुलं रस्त्यावर आली. त्यांची घोषणा होती, 'कोरीव चित्रांना पोहता येत नाही.' १९९५ मध्ये नवीन सरकार आलं आणि काम थांबवलं. खर्च केलेला पैसा गेला. १९९८ मध्ये तिथे जागतिक वारशाचा फलक लागला. दोउरोच्या द्राक्षमळ्यांना तो मान मिळाला २००१ मध्ये, म्हणजे कोआच्या घोड्यांनी आधी नंबर लावला.

आम्ही जीपने खाली दरीत गेलो. मार्गदर्शकाने आरसा तिरका धरून उन्हाचा कवडसा दगडावर टाकला आणि जिथे काही नव्हतं तिथे एकदम घोड्याची मान दिसली. एकाच घोड्याला तीन डोकी, मान वळवतोय असं दाखवायला. सौ. म्हणाली, 'बघा, तुमच्या लोकांनी बुडवला असता.' मी म्हटलं, आमच्या लोकांनी म्हणजे? तर म्हणाली, इंजिनियर लोकांनी. दरीच्या खालच्या अंगाला अर्धवट सोडलेल्या धरणाचं खोदकाम अजून दिसतं. कापलेला डोंगर, दोन्ही बाजूंना तयार केलेला पाया. काम चांगलं केलेलं होतं. मी त्याचे फोटो जास्त काढले, घोड्याचे कमी.

तुमच्या आजींना नमस्कार सांगा.


भीमाकाठची | गुरुवार, सकाळी ८:४०

आजी नाही आता. पण आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमच्या देवळाला पण पोहता येत नव्हतं, पण तिथे शाळा लहान होती.


वरणभात | गुरुवार, सकाळी १०:१०

+१. यावर काय लिहावं कळत नाही.

(जरा बाहेर काढतो धागा.) काका, आणलेली पोर्ट उघडल्यावर किती टिकते? मेहुण्याने बाटली दिलीय, आमच्याकडे दोघंच, आणि बायको पीत नाही.


बाल्कांव | गुरुवार, दुपारी १२:०५

बाटलीवर काय लिहिलंय ते सांग आधी. टॉनी असेल, दहा वर्षं-वीस वर्षं असा आकडा असेल, तर ती पिंपातच हवा खाऊन आलेली असते. फ्रिजमध्ये दोन महिने आरामात. रुबी असेल तर काही आठवडे. आणि फक्त साल लिहिलेली 'व्हिंटेज' असेल तर उभी करून ठेव, एक दिवस गाळ खाली बसू दे, फडक्यातून गाळ, आणि दोन दिवसांत संपव. एकट्याला जमत नसेल तर मडगावचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.


फुगवटा | गुरुवार, दुपारी १२:४०

द्राक्षवाला, तालीचा फोटो टाकलाय, खाली बघा. त्या गृहस्थांचा चेहरा मुद्दाम घेतला नाही, हात आहेत. डावीकडचा तिरका दगड तोच, चार वेळा फिरवलेला.